गरव्या भाताचा व्हिसा

सागवेकर भाऊसाहेबांच्या घरी नुसतं पाहुणा म्हणून जायची सोय नाही. दारातच विचारतात, "उद्देश काय आणि मुक्काम किती?" तुम्ही म्हणालात सहज आलो, तर म्हणतात, "सहज म्हणजे टुरिस्ट. बसा. पण कामाचं काही काढायचं नाही हां." आणि खरंच, चहा पिता पिता तुम्ही बोनाफाइड दाखल्याचा विषय काढलात तर कप तसाच ठेवून ते आत निघून जातात. टुरिस्ट म्हणून आलेल्या माणसाने काम केलेलं त्यांना खपत नाही.

भाऊसाहेब रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजात हेडक्लार्क आहेत. परदेशातून कोणी संशोधक, प्राध्यापक किंवा विद्यार्थी कॉलेजात यायचा असला की त्याच्या व्हिसाची फाइल त्यांच्या टेबलावर जाते. अशा फायली वर्षाला एखादी, फार तर दोन. पण तेवढ्यांनी या माणसाचं डोकं कायमचं व्यापून टाकलंय. अख्ख्या मनुष्यजातीची त्यांनी पाच खणांत वाटणी केली आहे. "बघायला येतो तो टुरिस्ट. बोलायला येतो तो कॉन्फरन्स. शिकायला येतो तो स्टुडंट. शोधायला येतो तो रिसर्च. आणि पगार घ्यायला येतो तो एम्प्लॉयमेंट. प्रत्येकाचं दार वेगळं. एका दारातून आत येऊन दुसऱ्याच्या पानावर बसायचं नाही."

हे नियम घरच्यांनाही लागू. वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, हसत सांगतात, "मी माहेरी निघाल्ये की विचारतात, सिंगल एन्ट्री की मल्टिपल?" गणपतीला मुंबईहून येणारे चुलतभाऊ हे पाच दिवसांचे टुरिस्ट. आंब्याच्या बागांत राखणीला राहणाऱ्या नेपाळी माणसांबद्दल मात्र भाऊसाहेबांना मनापासून खंत आहे. "त्यांना व्हिसाच लागत नाही गो. विचारायचं तरी काय?"

मी या गृहस्थांविरुद्ध पत्रक काढलं होतं. हे आधीच सांगून टाकते, लपवाछपवी आमच्या विद्यार्थी कृती समितीला मान्य नाही. मी समितीची सचिव. फीवाढ असो, वसतिगृहातलं पाणी असो, ग्रंथालयाचं कुलूप असो, पत्रकं माझीच.

प्रकरण असं. व्हिएतनामच्या डॉ. लान यांना आमच्या वनस्पतिशास्त्र विभागाने वर्षभरासाठी बोलावलं होतं. विषय खाऱ्या जमिनीतलं भात. खाडीचा बांध फुटतो, भरतीचं पाणी शेतात शिरतं, जमीन खारते आणि मग लोक ती सोडून देतात. आपल्या खाडीकाठाला अशी पडीक जमीन किती आहे हे बघायचं तर कुठल्याही पुलावर उभं राहावं. डॉ. लान यांच्या मुलखातही नदीच्या मुखाशी हेच चाललंय. आपल्याकडची जुनी, खारं पाणी सोसणारी बियाणी गावोगावच्या घरांतून गोळा करून त्या ती लावून बघणार होत्या.

प्राचार्यांचं म्हणणं पडलं, कशाला एवढा खटाटोप, टुरिस्ट व्हिसावर येऊ देत. भाऊसाहेबांनी फाइलवर लिहिलं, "नामंजूर करावे ही विनंती." मग संस्थेच्या अध्यक्षांना वाटलं की बाईंना नोकरीच देऊ, कॉलेजच्या जाहिरातीत परदेशी प्राध्यापक दिसेल. भाऊसाहेबांनी एम्प्लॉयमेंट व्हिसाला किमान किती पगार दाखवावा लागतो ते वाचून दाखवलं. अध्यक्षांनी पाणी मागवलं. शेवटी रिसर्च व्हिसा ठरला. त्याला दिल्लीची मंजुरी, जैवविविधतेची परवानगी, करारपत्रं. सगळे कागद जुळले आणि आता भाऊसाहेब अर्जच पुढे पाठवायला तयार होईनात.

जुलैत मी विचारायला गेले. मान वर न करता म्हणाले, "फेब्रुवारीत पाठवू. भात गरवं आहे."

बाहेर येऊन आम्ही पोट धरून हसलो. नंतर संतापलो. परदेशातून एक विदुषी यायला निघाली आहे आणि हा कारकून भाताचं कारण सांगतोय. दुसऱ्या दिवशी पत्रक निघालं: "ज्ञानाच्या वाटेत खुर्ची टाकून बसलेला हा माणूस कोण?" पहिली प्रत नेऊन मी त्यांच्याच टेबलावर आपटली.

भाऊसाहेबांनी ते सावकाश वाचलं. लाल पेनने दोन ठिकाणी दुरुस्ती केली. "व्हिसा कॉलेज देत नाही, भारत सरकार देतं. आणि दिरंगाई तीन महिन्यांची लिहिलीस, ती पाच आठवड्यांची आहे. चुकीचा आकडा लिहिला की बाकीचंही कोणी खरं धरत नाही." मग पत्रकावर आवक शिक्का मारला, क्रमांक घातला आणि पोच माझ्या हातात दिली. स्वतःविरुद्धच्या पत्रकाची पोच देणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

आम्ही प्राचार्यांच्या दालनाबाहेर दिवसभर ठिय्या दिला. संध्याकाळपर्यंत अर्ज पुढे गेला. आम्ही पेढे वाटले, भाऊसाहेबांनाही दिला. त्यांनी तो खाल्ला आणि म्हणाले, "पेढा बरा आहे."

ऑक्टोबरच्या सुरुवातीला व्हिसा झाला, पण डॉ. लान यांचे तिकडचे वर्ग संपायचे होते. त्या डिसेंबरात आल्या. रत्नागिरी स्टेशनवर आम्ही फलक घेऊन उभे होतो. भाऊसाहेब आमच्या पुढे, एका हातात फॉर्म, दुसऱ्या हातात वहिनींनी दिलेला घावनांचा डबा. बाई गाडीतून उतरल्या. भाऊसाहेब म्हणाले, "वेलकम मॅडम. पासपोर्ट प्लीज." परदेशी माणूस मुक्कामाला आला की चोवीस तासांत पोलिसांना कळवावं लागतं. यांनी बाई लेडीज होस्टेलच्या खोलीत पोचायच्या आत ते कळवलं. फॉर्म भरेपर्यंत बाईंनी तिथेच बाकावर बसून चार घावनं संपवली आणि खुणेने पाचवं मागितलं. भाऊसाहेबांच्या तोंडावर मी त्या दिवशी पहिल्यांदा हसू बघितलं.

शेतासाठी जागा मिळाली नाटे गावाच्या अलीकडे, खाडीकाठी. डॉ. लान यांनी उन्हाळाभर बांध धरून घेतला, माती तपासली, पाऊस पडल्यावर पेरलं, लावणी केली. गावातल्या बायका त्यांना लानबाई म्हणायला लागल्या. बाईही लावणीला त्यांच्या रांगेत उभ्या राहायच्या, आणि सगळ्यांच्या पुढे जायच्या.

ऑगस्टअखेर एके दिवशी भाऊसाहेबांनी मला बोलावलं. समोर डॉ. लान यांच्या पासपोर्टवरच्या व्हिसाची झेरॉक्स.

"काय गो, वाच हे. मुदत कधीपर्यंत?"

मी वाचलं. ऑक्टोबरची सुरुवात. "पण वर्ष डिसेंबरात भरतं ना? त्या डिसेंबरात आल्या."

"वर्ष येण्यापासून मोजत नाहीत. व्हिसा दिल्याच्या तारखेपासून मोजतात."

"मग?"

"मग काय. हळवं भात असतं तर दसऱ्याच्या आत कापून झालं असतं. मॅडमनी लावलेलं बियाणं गरवं. खारं पाणी सोसतं ते गरवंच. नोव्हेंबराशिवाय तयार होत नाही."

मी त्या झेरॉक्सकडे बघत राहिले. फेब्रुवारीत अर्ज गेला असता तर व्हिसा पावसाच्या तोंडावर मिळाला असता आणि पेरणीपासून कापणीपर्यंतचं सगळं त्यात बसलं असतं. या माणसाने व्हिसाची तारीख भातावर बेतली होती. आणि आम्ही घोषणा देत ती दोन-तीन नाही, चांगले सात-आठ महिने अलीकडे ओढली होती.

"तुम्ही तेव्हाच नीट का नाही सांगितलंत?" मी म्हटलं. आवाज चढलाच.

"सांगितलं होतं. तुम्ही हसलात."

पत्रकात उत्तर देता येतं, समोर बसून देणं कठीण जातं.

मुदतवाढ मिळाली नाही तर काय होणार हे सरळ होतं. लानबाई परत जाणार, पीक उभं राहणार. कोणत्या वाफ्यात कोणतं बियाणं आणि त्याला दाणा किती, याची मोजदाद कापणीच्या वेळी त्यांनीच करायची होती. ती नाही झाली तर वर्ष फुकट. आणि त्यांच्या विद्यापीठाने पुन्हा रजा देणार नाही असं आधीच कळवलं होतं.

मुदतवाढीच्या अर्जाला कॉलेजचं पत्र लागतं. प्राचार्यांनी दोन ओळी लिहून दिल्या. भाऊसाहेबांनी त्या वाचून घडी करून ड्रॉवरमध्ये टाकल्या. मला म्हणाले, "मी सांगतो, तू इंग्रजीत टाइप कर. प्राचार्यांची सही मी आणतो. लिही. पीक सध्या पोटरीत आहे."

"पोटरीत म्हणजे काय लिहू?"

"कणीस पोटात आहे, बाहेर यायचं आहे. लिही. चौदा वाफ्यांपैकी तीन जळले. अकरा उभे आहेत. बांधाकडचे चार सगळ्यांत हिरवे. जमीन पडीक झाल्यापासून या ठिकाणी कणीस धरलेलं नाही. आता धरतंय. दाणा भरतो की पोचट राहतो ते कापल्याशिवाय समजणार नाही. म्हणून संशोधकाने शेवटपर्यंत थांबणं जरूर."

मी टाइप करायची थांबले. "भाऊसाहेब, ही माहिती विभागाने दिली?"

"विभाग कशाला देतोय. रविवारी सकाळची एस्टी असते. जातो, बघून येतो."

"दर रविवारी?"

"लावणी झाल्यापासून. तू टाइप कर."

अर्ज गेला. मग रोज सकाळी बरोब्बर दहाला भाऊसाहेब संगणकावर अर्जाची स्थिती बघायचे. रोज तेच, विचाराधीन. गणपती आले, गेले. मुंबईचे चुलतभाऊ आले आणि ह्या वर्षी त्यांना दारात काहीच विचारलं गेलं नाही. वहिनींनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं, "बघ गो जरा, ह्यांचं काहीतरी बिनसलंय."

सप्टेंबर संपत आला तसं मला राहवेना. "भाऊसाहेब, मोर्चा काढू या."

"कोणावर? आपल्या घाईवर?"

त्यांनी 'आपल्या' म्हटलं होतं. त्यांनी घाई केलीच नव्हती.

मुदत संपायला तीन दिवस उरले होते. लानबाईंनी पेटी भरायला घेतली होती, मी होस्टेलवर त्यांना वह्या बांधून देत होते. वॉचमनची बायको वर आली. "खाली सागवेकर भाऊसाहेब आलेत. आत येत नाहीत. लेडीज होस्टेल आहे, माझ्याकडे परवानगी नाही म्हणतात."

आम्ही दोघी खाली गेलो. फाटकाबाहेर भर उन्हात भाऊसाहेब उभे. हातात एकाच कागदाच्या तीन प्रती. एक बाईंना, एक मला, एक स्वतःकडे ठेवली. म्हणाले, "मॅडम, थर्टी फर्स्ट डिसेंबर. पॅडी कटिंग, देन गोइंग." लानबाईंनी कागद वाचला आणि फाटकाबाहेर येऊन त्यांचे दोन्ही हात धरले. भाऊसाहेब घाबरून वॉचमनकडे बघायला लागले, आणि वॉचमनने समजूतदारपणे तोंड फिरवलं.

कापणीला आम्ही सगळी समिती गेलो. लानबाईंनी प्रत्येक वाफ्यावर चिठ्ठी लावलेली, तराजू, पिशव्या, वह्या तयार. वहिनी पोळीभाजी आणि तळलेले बांगडे घेऊन आल्या होत्या. भाऊसाहेबांनी नोकरीत पहिल्यांदा किरकोळ रजा टाकली होती, तीही अर्धी.

बांधाकडचे वाफे आधी कापले. लानबाईंनी एक लोंबी काढून भाऊसाहेबांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती चोळली, फुंकर मारून तूस उडवलं आणि दाणे तोंडात टाकले. बराच वेळ चावत राहिले.

"भरलाय," म्हणाले. "खारट नाही."

मग पॅंट गुडघ्यापर्यंत दुमडून ते बांधावरून पलीकडच्या शेतात उतरले. ते शेत पडीक होतं, नुसतं खारं गवत आणि खेकड्यांची बिळं.

"ही कोणाची जमीन?" मी वहिनींना विचारलं.

"आमची. ह्यांच्या लहानपणी बांध फुटला. मामंजींनी दोन वर्षं पेरून बघितलं, मग औत विकून मुंबईला गेले, ते परत आलेच नाहीत."

मी तिथूनच ओरडले, "भाऊसाहेब, प्रयोगाला ही का नाही दिलीत?"

"दिली असती तर तू पत्रक काढलं असतंस," ते मागे न वळता म्हणाले.

लानबाई बांधावर येऊन उभ्या राहिल्या. भाऊसाहेब त्या शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं टाकत होते. मध्येच वाकून माती उचलायचे, बोटांत चुरून बघायचे, पुन्हा चालायला लागायचे. चिखल घोट्यापर्यंत चढला होता.

"लग्नाला तीस वर्षं झाली," वहिनी म्हणाल्या. "ह्या जमिनीत त्यांनी पाय ठेवलेला आज बघत्ये."

समितीतली पोरं भुकेजली होती, डब्याभोवती घोटाळत होती. कोणीतरी म्हणालं, वहिनी, भाऊसाहेबांना हाक मारा ना. वहिनींनी डब्याचं उघडलेलं झाकण परत लावलं.

"जेवू मग," म्हणाल्या. "चालू देत त्यांना."