काडतुसांचं माहेरपण

मंगळवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, उडालेली सात काडतुसं दिवाकर नन्नावरेच्या घरी माहेरपणाला आली.

दिवाकरच्या बायकोने, वैजयंताने, दार उघडलं. पितळी, तोंडाशी काळवंडलेली, आतून रिकामी अशी ती उंबऱ्याबाहेर ओळीने उभी होती. कुणी आणून ठेवली म्हणावं, तर पायरीवरच्या धुळीत त्यांच्या येण्याच्या गोल गोल खुणा होत्या.

“पहिल्यांदा भरून निघालो ते याच घरातून,” थोरलं काडतूस म्हणालं. “आता पुन्हा भरेपर्यंत इथंच राहू.”

“काहून दारात उभं ठेवलंस वं त्यांना?” आतून सासूबाई ओरडल्या. “तुह्या सासऱ्याने हाताने भरलेल्या लेकी आहेत त्या. आत घे.”

वैजयंताने आत घेतलं, पण मन काही धजेना. पाण्याचा तांब्या पुढे केला, तर एकही पाण्याला शिवलं नाही. माहेरी आलेली लेक पाणी पीत नाही म्हणजे काय? शिवाय वैजयंता खोलीत गेली की त्यांचं बोलणं बंद व्हायचं, आणि सगळ्यांची तोंडं पाळण्याकडे असायची. पाळण्यात तिची चार महिन्यांची राणू झोपलेली होती.

संध्याकाळी पंचायतीचे जागा-तपासनीस लोणारेभाऊ आले. काडतुसं घरात भरायची तर जागा त्यांनीच पसंत करायची, अशी रीत होती.

“स्वैपाकघर?” सासूबाईंनी विचारलं.

“चूल आहे.”

“देवघर?”

“समई आहे.”

पडवीच्या भिंतीला त्यांनी हात लावला आणि हाताचा वास घेतला. “ओल.” माळ्यावरचा पत्रा तापतो म्हणून माळाही गेला. मग ते कोपऱ्यातल्या पाळण्यापाशी थांबले. “ही उत्तम. कोरडी, गार, विस्तवापासून लांब.”

वैजयंताने पाळणा तिथे टांगला होता तो नेमका याच कारणांसाठी.

“भाऊ, तिथं माझी पोरगी आहे.”

“पोरगी हलवता येते, वहिनी. कोपरा कसा हलवणार? सकाळी बंदुकीची दारू घेऊन येतो.”

“पोरीला चुलीपाशी घेऊन नीज,” सासूबाई म्हणाल्या. “चार दिवसांचा तर प्रश्न.”

“आणि सांडलेली दारू फटीत राहिली म्हणजे? पुढं ही रांगेल, दिसेल ते तोंडात घालेल.”

“तुहा नवरा नाही का याच घरात रांगला?”

वैजयंताने पाळणा मात्र हलवला नाही.

सासूबाई गोठ्यात गेल्यावर ती काडतुसांपुढे बसली. “सासरी काय काम असतं तुम्हाला?”

“तो आमच्या घरचा विषय,” थोरलं म्हणालं.

धाकटं मात्र बोलून गेलं. “मला डुकरावर म्हणून सोडलं होतं. अंधार होता. ते ओरडलं ते माणसासारखं.”

“गप गं!” थोरलं खेकसलं.

पिकाच्या राखणीला शेतातल्या खोपीतली बंदूक घेऊन दिवाकरच बसायचा. वैजयंताने थोरल्याला विचारलं.

“तुम्ही सवाष्ण ना?”

“म्हणजे काय! आमचे हे बंदूक. खोपीत खुंटीला असतात, पण धडधाकट आहेत.”

“मग ओटीशिवाय कसं जाऊ देऊ?”

थोरल्याला संशय आला असावा. ते जरा मागे सरकलं. पण ओटीला नाही म्हणायचं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं. वैजयंताने पाट मांडला, एकेकाला हळदकुंकू लावलं आणि काठोकाठ तांदूळ भरले. वर हळकुंडाचा तुकडा घट्ट बसवला.

सकाळी लोणारेभाऊ डबा घेऊन आले. त्यांनी सातही काडतुसं कानाशी धरून हलवली.

“ही तर भरलेली आहेत.”

“हो.”

“तांदळाने?”

“सवाष्णीची ओटी दारूने भरतात का, भाऊ?”

त्यांनी बराच विचार केला. “ओटी घरी नेऊनच सोडायची असते. मधेच रिकामी करता येत नाही,” ते शेवटी म्हणाले आणि डबा उचलून निघाले. सासूबाईंनी कपाळावर हात मारला, पण रीतीपुढे त्यांचंही काही चाललं नाही.

काडतुसं ओळीने पायरी उतरली. धाकटं मागे रेंगाळलं.

“याने कुणाला लागतं का हो?”

“नाही लागत. जा आता, सांभाळून.”

दोन दिवसांनी दिवाकर राखणीवरून पहाटेच परतला आणि खाटेच्या काठावर बसून राहिला.

“बार काढला,” तो म्हणाला. “डुक्कर पळालंच नाही. खाली मान घालून तांदूळ वेचत बसलं.”

“आणि आधी? ओरडलं होतं ते कोण होतं?”

दिवाकरने पाळण्याची दोरी हातात घेतली आणि झोका देत राहिला.

कोपरा अजून राणूचाच आहे. पण माहेर म्हटलं की लेकी पुन्हा येणारच, आणि दुसऱ्या कुणाच्या दारातही येतील. तेव्हा ज्यांच्या घरी पूर्वी कुणी काडतुसं भरत असे, त्या बायकांनी पाळण्याचा कोपरा कुणाला दाखवू नये. मूठभर तांदूळ वेगळे काढून ठेवावेत. आणि ही गोष्ट शेजारणीच्या कानावर घालावी.