पापण्यांची कात्री

करीम पेंटर पाटी रंगवायला बसले, की आधी चार काठ्या रोवून स्वतःभोवती चादर बांधून घ्यायचे. येरमाळ्याच्या स्टँडवर, भर दुपारी, रस्त्याच्या कडेला ते चादरीचं खोकं उभं असायचं. खालून दोन पाय दिसायचे, वरून बिडीचा धूर निघायचा. मी तिथल्या शाळेत शिक्षिका म्हणून नवीन आले, तेव्हा पहिले दोन महिने करीमचाचांना मी पायांवरूनच ओळखत होते.

चादर कशासाठी, तर बार्शीच्या पेंटरसाठी. बार्शीत कुणी एक पेंटर आहे आणि तो आपली चित्रं चोरायला माणसं पाठवतो, अशी चाचांची पक्की समजूत होती. एसटीतून उतरून कुणी पाटीकडं मान वर करून पाहिलं, की चादरीतून डोकं बाहेर यायचं. "पावणं, कुठनं आलात? बार्शीहून?" त्या बिचाऱ्याला येडाईदेवीच्या दर्शनाला जायचं असायचं. चहावाल्यानं चहा दिला तरी चाचा आधी वास घ्यायचे. रंग पुसलेली फडकी घरी नेऊन जाळायचे. पाटी छान झाली असं कुणी म्हटलं, तर "यात कायतरी गोम हाय," म्हणून दोन दिवस त्याच्या दुकानासमोरून जायचे नाहीत.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा दहा-बारा वर्षं झाली होती. त्या काळी चाचांच्या उर्दू अक्षरांचं फार नाव होतं, म्हणे. आता सगळ्यांना मराठी पाट्या हव्या होत्या. दुकानदार खडूनं फरशीवर लिहून द्यायचा आणि चाचा त्याबरहुकूम रंगवायचे. एकदा मारुती वाण्यानं 'मारुती किराणा दुकान' असं लिहिलं आणि खाली 'यात्रेच्या आधी पायजे' असा निरोप लिहिला. चाचांनी दोन्ही ओळी पिवळ्या रंगात, सावली देऊन रंगवल्या. गावाला वाटलं, चाचांनी मुद्दाम खोड काढली. मलाही तसंच वाटलं.

माझ्या वर्गात शनिवारी शेवटचा तास चित्रकलेचा असायचा. मुलं चित्र काढायची, ते कशाचं आहे ते खाली लिहायची, आणि मी ती चित्रं व्हरांड्यात टाचण्यांनी लावायचे. सोमवारी येऊन पाहावं, तर काही गायब. आधी वाटलं, वाऱ्यानं उडाली असतील. पण एका सोमवारी फक्त बैल गेले. पुढच्या सोमवारी फक्त घरं. इतकं निवडून नेणारा वारा मी पाहिला नव्हता.

हेडमास्तरांचा संशय शिपाई दगडूमामांवर होता. "चूल पेटवायला नेत असणार," ते म्हणाले. मामांनी येडाईची शपथ घेतली. खरं सांगायचं, तर मलाही मामांचाच संशय होता. त्यांच्या खोलीवरून जाताना मी चुलीत वाकून पाहत असे. मामांनी मग घरी जेवायला जाणंच सोडलं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा व्हरांड्यातल्या चित्रांखाली भाकरीचं फडकं सोडून बसायला लागले. चोऱ्या थांबल्या. तर हेडमास्तर म्हणाले, "बघा, म्हणजे चोर हाच. या महिन्यात कबूल झाला नाही, तर वर कळवतो." मामांची नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. ते कुणाशी बोलेनासे झाले.

यात्रा जवळ आली आणि शिंप्याच्या दुकानावर नवी पाटी लागली. पाटीवर कात्री होती. कात्रीच्या दोन्ही कड्यांत डोळे, आणि डोळ्यांना लांब लांब पापण्या. मी रस्त्यातच थांबले. माझ्या वर्गातल्या कुसुमनं महिनाभरापूर्वी अगदी हीच कात्री काढली होती. डोळे कशाला, असं मी विचारल्यावर ती म्हणाली होती, "बाई, कात्री आंधळी असली तर कापड वाकडं न्हाय का कापायची?"

शेजारच्या चादरीतून डोकं बाहेर आलं.

"काय बघताय, बाई? बार्शीला कोण वळखीचं हाय का तुमच्या?"

"चाचा, ही कात्री कुसुमची आहे."

"कशावरनं?"

"पापण्यांवरून."

चाचांनी बिडी विझवली. "घरला चला," म्हणाले. वाटेत दोनदा मागं वळून कुणी येत नाही ना, ते पाहिलं.

एकच खोली. कोपऱ्यात दोन कुलपांची पत्र्याची पेटी. चाचांनी ती उघडली. आत आमची चित्रं होती, दोन-दोन चित्रांमध्ये धुतलेलं फडकं घालून ठेवलेली. एकालाही सुरकुती नव्हती.

"चोरी म्हणा," चाचा म्हणाले. "पर म्या आधी अक्षरांसाठी नेली. मला मराठी वाचता येत न्हाय, बाई. घोडा मला वळखता येतो, म्हंजे त्याच्या खाली लिवलंय ते घोडाच असणार. मोठ्या माणसाला इचारलं असतं, तर गावभर झालं असतं."

"पण इतके बैल कशाला नेले?"

"एका पोरावर इश्वास ठिवायचा कसा? एकानं बैलाखाली गाढव लिवलं तर? चार चित्रं लावून बघितली. चारी ठिकाणी त्येच निघालं, तवा मानलं बैल." मग त्यांनी कुसुमची कात्री वर काढली. "नंतर नंतर अक्षरं ऱ्हायली बाजूला, चित्रातच अडकलो. तीस वर्सं ब्रश धरतोय. कात्रीला बी बघावं लागतंय, हे मला कधी सुचलं न्हाय."

मी दगडूमामांवर आलेला आळ सांगितला. चाचांना ते ठाऊकच नव्हतं. चादरीच्या आत बातमी पोचली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शाळा भरताना चाचा डोक्यावर पेटी घेऊन आले. हेडमास्तरांसमोर पेटी उघडून म्हणाले, "चित्रं आवडली, म्हणून नेली. दगडूचा काही गुन्हा न्हाय." अक्षरांचं काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मग सगळ्या मुलांदेखत त्यांनी मामांपुढं हात जोडले. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." पण त्या दिवशी ते घरी जाऊन जेवले.

मी चाचांना सांगितलं, शनिवारच्या तासाला वर्गातच येऊन बसत जा. त्यांनी माझ्याकडं नीट निरखून पाहिलं. "तुम्हाला यात काय मिळणार?" असं विचारलं. दोन शनिवार आले नाहीत. तिसऱ्या शनिवारी खिडकीबाहेर उभे राहिले. चौथ्या शनिवारी टोपी नीट करून आत आले आणि शेवटच्या ओळीत, कुसुमशेजारी, मांडी घालून बसले. मी त्यांनाही एक कागद दिला.

विषय होता 'माझं घर'. चाचांनी डाव्या हातानं कागद झाकून तासभर चित्र काढलं. घंटा झाली तेव्हा हात बाजूला केला. लहानसं घर होतं आणि दारात एक बाई उभी होती. बाई घराहून मोठी होती. तिचा पदर छपरावरून खाली आला होता.

"ही कोण?" मी विचारलं.

"आमची घरवाली. जाऊन सहा वर्सं झाली." मग कागद कुसुमपुढं सरकवला. "तू लिव. सलमाबी."

कुसुमनं दातांत जीभ धरून नाव लिहिलं. 'बी'ला तिनं पहिली वेलांटी दिली. दुरुस्त करायला मी लाल पेन्सिल घेऊन वाकले. चाचांनी कागद लांब धरला आणि एकेका अक्षराखालून बोट फिरवत शेवटपर्यंत नेलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले.

मी पेन्सिल खाली ठेवली.