बाकाचा ठराव

गजानन पाटणकरांच्या घरी पाहुण्याला पाणी मिळण्याआधी कोरम मोजला जातो. तुम्ही एकटे गेलात तरी ते दारातच जाहीर करतात, "दोन सभासद हजर. कोरम झाला. बसा." मग पाणी येतं. मग "विषय क्रमांक एक, चहा. चहा व्हावा असं मी सुचवतो." एवढं म्हणून ते हातात पातेलं धरून क्षणभर थांबतात. नवख्या माणसाला वाटतं, यांना चहापत्तीचा डबा कुठे ठेवलाय ते आठवत नाहीये.

पाटणकर बावीस वर्षं डोंबिवलीतल्या एका सोसायटीचे सेक्रेटरी होते. पाण्याची टाकी, जिन्यातला दिवा, तिसऱ्या मजल्यावरून गळणाऱ्या कुंड्या, असा एकही विषय नाही ज्यावर त्यांनी ठराव लिहिला नाही. पुढे मुलीने त्यांना आणि सुमनवहिनींना मिनेसोटाला बोलावून घेतलं. सोसायटी सुटली, पण सेक्रेटरीपण सुटलं नाही. वहिनी सगळ्याला सरावलेल्या होत्या.

"आज भाकरी व्हावी असं मी सुचवतो."

"अनुमोदन. पण पीठ तुम्ही मळायचं."

"दुरुस्तीसह मंजूर!" असं म्हणत पाटणकर बाह्या सरसावायचे. हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

आमचा परिचय बर्फामुळे झाला. मी मुलाकडे, अमोलकडे राहतो. पाटणकर चार घरं सोडून. एकदा दोघंही दारातला बर्फ ओढत होतो, तर हे गृहस्थ फावडं टेकवून म्हणाले, "निमकर ना तुम्ही? हा बर्फ सदस्यांनी वैयक्तिक काढायचा की सामायिक, याचा खुलासा कुठेच नाही. नोंद घ्यावी." मी बँकेत सदतीस वर्षं नोकरी केली आहे. असा माणूस मला परका वाटण्याचं कारण नव्हतं. तेव्हापासून रोज सकाळी आम्ही तळ्याभोवती एक फेरी मारतो. टपालपेट्या मागे टाकल्या की एक चढणीचं वळण लागतं. तिथे मी बूट नीट करायला वाकतो आणि पाटणकर तेवढ्या वेळात तळ्यातली बदकं मोजतात. "नऊ. काल अकरा होती. दोन गैरहजर, रजेचा अर्ज नाही."

वहिनी गेल्या त्यानंतरच्या हिवाळ्यात अमोलने आम्हाला कॉकसबद्दल सांगितलं. कॉकस म्हणजे आपल्या भागातले पक्षाचे मतदार एका संध्याकाळी शाळेच्या वर्गात जमतात, पुढच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडतात आणि पक्षाने काय करावं याचे ठराव मांडतात. कोणीही मतदार ठराव मांडू शकतो. आम्ही दोघंही तोवर नागरिक झालो होतो.

"कोणीही?" पाटणकरांनी विचारलं.

"हो काका. कुणीतरी सेकंड केलं की झालं. मग त्यावर व्होटिंग."

"म्हणजे सूचक आणि अनुमोदक." पाटणकरांचा आवाज बदलला. "अरे, ही तर आपली वार्षिक सभा! इतकी वर्षं बोलला कसा नाहीस?"

त्यांनी आठ दिवस खपून ठराव लिहिला. विषय: तळ्याच्या वाटेवर, टपालपेट्यांच्या पुढच्या वळणावर, एक बाक बसवावा. नगरपालिकेला त्यांनी आधीच तीन पत्रं लिहिली होती. तिन्हींना एकच उत्तर आलं होतं: आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. दुसरा कोणी चिडला असता. पाटणकर म्हणाले, "नोंद घेतली म्हणतात. म्हणजे काम निम्मं झालं."

निघण्याआधी त्यांनी मला विचारलं, "अनुमोदक तुम्ही. शब्द?"

"शब्द," मी म्हणालो.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर एका माणसाशिवाय कुणालाही खरं सांगितलेलं नाही.

दुसरीच्या मुलांचा वर्ग होता. खुर्च्या इतक्या बुटक्या की आम्हा सगळ्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते. अमोल स्वतः प्रतिनिधी म्हणून उभा होता. गाडीतच त्याने मला बजावलं होतं, "बाबा, प्लीज, तुम्ही फक्त हात वर करा. बोलू नका." अध्यक्षस्थानी बार्बरा नावाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. आरोग्य विमा झाला, हवामान झालं, बंदुका झाल्या. प्रत्येक ठराव संपतो न संपतो तोच कुठून तरी "सेकंड!" अशी आरोळी यायची. मग पाटणकर उभे राहिले. माकडटोपी घडी करून काखेत, हातात चार पानं. सोसायटीच्या इंग्रजीत त्यांनी सुरुवात केली, "व्हेअरॅज मॅन इज अ वॉकिंग ॲनिमल, अँड व्हेअरॅज द वॉकिंग ॲनिमल मस्ट आल्सो सिट..."

वर्ग हसला. वाईट हसला नाही, पण हसला. बार्बराबाई सौम्यपणे म्हणाल्या, हा विषय बहुधा नगरपालिकेचा आहे. पाटणकर म्हणाले, "मॅडम, एनी अदर बिझनेस." म्हणजे आपले आयत्या वेळचे विषय. बाई हसल्या. "फेअर इनफ. इज देअर अ सेकंड?"

कोणी बोललं नाही.

पाटणकरांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते समोर फळ्याकडे बघत ताठ उभे होते, कारण अनुमोदक मागे बसलेला आहे याची त्यांना खात्री होती. अमोलने माझ्याकडे पाहिलं. पुढच्या रांगेतल्या बाईचे खांदे अजून हसण्याने हलत होते. मी भिंतीवरचा कागदी सुरवंट बघत बसलो. त्याच्या प्रत्येक पेरावर एकेक आकडा होता. बाईंनी पुन्हा विचारलं. मी सुरवंटाचे आकडे मोजले. ठराव अनुमोदकाअभावी पडला.

माझं इंग्रजी अडलं नव्हतं. मला ऐकू आलं नाही असंही नव्हतं. मला त्या क्षणी पाटणकरांची लाज वाटली, एवढंच खरं आहे.

गाडीत ते म्हणाले, "खोली फार गरम होती, नाही?" मी म्हणालो, "माझा घसाच बसला एकदम." ते म्हणाले, "हो, तिथे हीटर कोरडा होता."

इथवर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. पण त्या वर्षीच्या गणपतीत, घरोघरून आणलेल्या पदार्थांच्या पॉटलक जेवणानंतर, कुणीतरी मला कॉकसचा किस्सा विचारला आणि मी पाटणकरांची नक्कल केली. माकडटोपीसकट. "द वॉकिंग ॲनिमल मस्ट आल्सो सिट!" लोक खुर्चीवरून पडायचे बाकी राहिले. "मग काका, सेकंड कुणी केलं?" "मी नेमका बाथरूमला गेलो होतो!" आणखी हशा. तेव्हापासून मुलंसुद्धा त्यांना बेंचवाले काका म्हणतात. पाटणकर त्या दिवशी आले नव्हते. पण असं काही माणसापर्यंत पोचायचं राहत नाही.

ते कधी एका शब्दाने बोलले नाहीत. रोज फिरायला येत राहिले, बदकं मोजत राहिले.

दोन वर्षं गेली. या फेब्रुवारीत पुन्हा कॉकस आली. त्या दुपारी मी त्यांच्या घरी गेलो तर टेबलावर निळी वही उघडी होती. "दोन हजर, कोरम झाला. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करू आणि मग निघू." इतिवृत्त म्हणजे सभेत काय घडलं त्याची लेखी नोंद. ती वाचल्याशिवाय त्यांची पुढची सभा सुरू होत नाही. चष्मा चढवून ते वाचू लागले:

"ठराव, बाकाबाबत. सूचक, ग. वि. पाटणकर. अनुमोदक, श्री. निमकर. श्री. निमकर यांचा घसा ऐन वेळी बसल्याने त्यांनी मान हलवून अनुमोदन दिले, मात्र ते अध्यक्षांच्या लक्षात आले नाही. सबब ठराव तहकूब."

मी काही बोलणार तोच ते पुढे वाचू लागले. "ठरावाचे कारण. श्री. निमकर यांना वळणावर दम लागतो. ते बुटाची नाडी बांधायला वाकतात. त्यांच्या बुटांना नाडी नाही, वेल्क्रो आहे. त्यांना विचारलेले आवडणार नाही. तरी तेथे बाक असावा. नोंद घ्यावी."

मला वाटलं होतं, बाक वहिनींच्या आठवणीसाठी असेल. इथे तशी पद्धत आहे. सगळ्यांना तसंच वाटलं होतं. मी खाली माझ्या बुटांकडे पाहिलं.

"पाटणकर, दुरुस्ती सुचवतो," मी म्हणालो.

"बोला."

"मान हलवली नव्हती. घसा ठीक होता. मला तुमची लाज वाटली. आणि गणपतीत नक्कल केली ती मीच."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "दुरुस्तीला अनुमोदक लागतो," ते म्हणाले. "इथे आपण दोघंच. मी देत नाही. दुरुस्ती फेटाळली. इतिवृत्त कायम."

"अहो, पण खरं ते..."

"निमकर, विषय संपला." आणि उठून त्यांनी पातेलं हातात घेतलं. "विषय क्रमांक एक. चहा व्हावा असं मी सुचवतो."

आणि ते थांबले. नेहमीसारखेच, स्टोव्हपाशी, टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीच्या दिशेने कान देऊन. तिथे कोणी बसत नाही. इतकी वर्षं मी ते थांबणं पाहत होतो आणि आपल्याला कधी चहा मिळतो याची वाट बघत होतो.

"अनुमोदन," मी म्हणालो.

ते वळले नाहीत. पण स्टोव्हची कळ फिरवायला त्यांना त्या दिवशी बराच वेळ लागला. मग पाठमोरेच म्हणाले, "दूध तुम्ही काढा."

"दुरुस्तीसह मंजूर," मी म्हणालो.

संध्याकाळी तोच वर्ग, त्याच खुर्च्या, त्याच बार्बराबाई. सुरवंट मात्र नव्हता. अमोल शेजारी होता. त्याने या वेळी काहीही बजावलं नव्हतं. पाटणकरांनी ठराव वाचला, लोक हसले, बाईंनी विचारलं आणि मी उभा राहून "सेकंड!" असं ओरडलो. इतकं मोठ्यांदा, की शेजारच्या वर्गातला एक माणूस दार उघडून बघून गेला. मग मी बसलो नाही. माझ्या इंग्रजीत सांगितलं की ते वळण मला झेपत नाही, मी तिथे बुटाचं सोंग करतो, आणि माझ्या मित्राने हे ओळखून बाक मागितला आहे. या वेळी हसणं थांबलं. मतदान झालं. ठराव तीन मतांनी पडला.

पाटणकर प्रसन्न होते. ठराव रीतसर मांडला गेला, रीतसर अनुमोदन झालं, रीतसर पडला. गाडीत त्यांनी वही काढली आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "अनुमोदक, श्री. निमकर. आवाज खणखणीत."

त्याच्या आधीच्या पानावरची घशाची ओळ मात्र तशीच आहे. ती ते बदलत नाहीत. म्हणून ही दुरुस्ती मी इथे लिहिली. वाचणाऱ्यांपैकी जे त्या पॉटलकला होते त्यांनी नोंद घ्यावी.

"आता पुढे?" मी त्यांना विचारलं.

"दोन वर्षांनी पुन्हा मांडू."

"आणि तोपर्यंत वळणावर?"

"तोपर्यंत," वही मिटत पाटणकर म्हणाले, "मी बदकं मोजीन."