मतपेटीचा मान

लोकशाहीपुढं सगळी माणसं सारखी असतात आणि कलेपुढं तर ती त्याहून सारखी असतात, असं महांतप्पा आर्टिस्ट गंभीरपणे सांगत असे. तो स्वतः मात्र आर्टिस्ट होता. नळदुर्गातले बाकीचे सगळे पेंटर.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकांच्या पाठीवर मोर आणि कमळं काढून त्याचा हात बसला होता. तंबूतल्या सिनेमाचे बोर्डही तोच रंगवी. नायकाचे गाल गुलाबी, खलनायकाचे हिरवे, आणि चेहरा कुणाचाही असो, बैलगाडीच्या चाकाएवढा, ही त्याची शैली. हैदराबादेत एकदा चित्रांचं प्रदर्शन बाहेरून बघून आल्यापासून या शैलीला तो ‘नवकला’ म्हणू लागला होता. आता त्याला ट्रक नको होते. त्याला उस्मानाबादेत नव्या जिल्हा परिषदेच्या सभागृहाची भिंत हवी होती.

तिथं पोचायचं तर आधी कलेक्टरसाहेबांच्या नजरेत भरायला हवं. ती संधी शेजारच्या गावानं दिली. गावात ग्रामपंचायतीची नवी इमारत झाली होती, उद्घाटनाला खुद्द कलेक्टर येणार होते, आणि दर्शनी भिंत कोरी होती. सरपंच आण्णासाहेब पाटलांनी लोकशाहीचं चित्र काढायला ताबडतोब होकार दिला. लोकशाहीचं चित्र म्हणजे आपलंच, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

महांतप्पानं मतदारांची रांग काढली. डाव्या टोकाला मतपेटी आणि तिच्याकडं तोंड करून एकामागं एक उभं असलेलं गाव. रांगेत सगळ्यांत पुढं दगडाबाई होती, हातातली घडी घातलेली मतपत्रिका उंच धरून. ती समोरच्या लिंबाखाली भजी तळायला बसे आणि गावात कामाच्या वेळी एका जागी सापडणारी ती एकटीच असल्यामुळं तिचा चेहरा आधी उतरला. गुलाबी रंगही तिच्यावरच जास्त खर्च झाला. शेवटी, पार उजव्या टोकाला, आण्णासाहेब. पुढारी जनतेच्या पाठीशी उभा असतो, ही त्यातली उदात्त कल्पना महांतप्पाला इतकी आवडली होती की ती सुचल्यावर तो बराच वेळ स्वतःकडंच आदरानं बघत राहिला.

आण्णासाहेबांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

“पेंटर, ही पुढं कोन?”

“दगडाबाई. आणि मी आर्टिस्ट—”

“आन् मी तकडं शेपटाला?”

महांतप्पानं उदात्त कल्पना समजावली. ती आण्णासाहेबांच्या पागोट्याच्या आत शिरली नाही.

“पोळ्याला माझी बैलं येशीतून पयली निघत्यात. आज्याच्या काळापसनं. निजाम गेला, रझाकार गेले, मान न्हाय गेला. आन् आता मी भजेवालीच्या मागं?”

“मतदानाला मान नसतो, आण्णासाहेब. जो आधी येईल तो पुढं.”

“मग तिला उशिरा येऊ द्या.”

दगडाबाईनं लिंबाखालनं आपलं म्हणणं मांडलं की तिला त्यातून काढूनच टाकावं. हितं बसून दिवस जायना आणि तिथं उगाच तिला उभं केलंय. पण मतदाराचं म्हणणं विचारात घ्यायची तेव्हा कुणाला सवय नव्हती.

कला तत्त्वापुढं वाकत नाही. ती सरपंचापुढं वाकली. महांतप्पानं डावीकडची मतपेटी पुसून उजव्या टोकाला काढली आणि आण्णासाहेबांचं तोंड तिच्याकडं वळवलं. शेपूट होतं ते डोकं झालं. मात्र बाकीच्या माणसांचं तोंड फिरवायला रंग आणि वेळ दोन्ही नव्हतं, त्यामुळं आण्णासाहेब एकटेच पेटीपाशी उभे आणि सगळं गाव लोकशाहीकडं पाठ करून चाललेलं, असा देखावा तयार झाला. आण्णासाहेब म्हणाले, आता बरोबर वाटतंय.

दुसऱ्या दिवशी बलभीम पाटील आला. हा आण्णासाहेबांचा चुलतभाऊ. पोळ्याचा मान आपल्या घराण्याचा, यावरून दोन्ही घरांत दर वर्षी वेशीत काठ्या निघत. ग्रामपंचायतीची येती निवडणूकही त्याला त्याच कामासाठी, आण्णासाहेबांशी भिडायला, हवी होती. चित्रात त्याची पाठ आण्णासाहेबांच्या पाठीला लागली होती. त्यानं सोबत चुन्याची बादली आणली होती.

“मागं उभं ऱ्हायला आमी काय त्यांची वासरं हाव? शेजारी काढ, न्हायतर समदी भिंत पांढरी करतो.”

शेजारी काढलं तर पेटीला आधी हात कुणाचा लागणार, हा प्रश्न उभा राहिला. महांतप्पाच्या डोळ्यांपुढं जिल्हा परिषदेची भिंत हलू लागली. त्यानं दोघांच्या हाता-पाया पडून पाहिलं. शेवटी किराणा दुकानदार गुरुसिद्धप्पा मध्ये पडले. त्यांच्या दुकानात दोन्ही पाटलांची उधारी होती, त्यामुळं त्यांना गावात शांतता लागे.

“हे बघा,” ते म्हणाले, “माणूस माणसाशेजारी लहान-मोठा दिसतो. बैलाशेजारी बैल दिसत न्हाय. दोघांची बैलं जोडीनं काढा, शिंगाला शिंग लावून. मालक मागं कासरा धरून. कोन पयला, कोन दुसरा, बैलालाच इचारा म्हणावं.”

हे दोघांनाही पटलं. इतकं पटलं की दोघं प्रथमच एका बाजेवर बसले आणि बराच वेळ हळू आवाजात बोलत राहिले.

महांतप्पानं बैल काढले. त्याच्या शैलीप्रमाणं ते भव्य झाले आणि मानाचे असल्यामुळं त्यांचे गाल गुलाबी झाले. मग बलभीमनं झुली सांगितल्या, आण्णासाहेबांनी बाशिंगं सांगितली, दोघांनी मिळून वेस सांगितली. एवढं मावायचं तर जागा हवी. मतदार एक एक करून बैलांच्या पोटाखाली गेले. उरला तो फक्त दगडाबाईचा हात, मतपत्रिकेसकट बैलाच्या वशिंडामागून वर आलेला, आणि बैलाच्या पुढच्या खुरापाशी ती पेटी.

उद्घाटनाला कलेक्टरसाहेब भिंतीपुढं थबकले. महांतप्पाचं लोकशाहीवरचं भाषण पाठ होतं. त्यानं घसा साफ केला.

“वा,” साहेब म्हणाले. “पोळा. काय भाव आहेत बैलांच्या डोळ्यांत. पोळाच ना?”

महांतप्पानं एकदा दगडाबाईच्या हाताकडं पाहिलं. मग साहेबांकडं पाहिलं.

“पोळाच, साहेब.”

“आणि हा हात?”

“पोळी चारायलीय बाई, साहेब. पुरणाची,” आण्णासाहेब म्हणाले.

“ती पेटी?”

“पेंडीची,” बलभीम म्हणाला. दोघा भावांचं असं एकमत गावानं कधी पाहिलं नव्हतं.

साहेबांनी आर्टिस्टचं नाव विचारून घेतलं. अशा माणसाला मोठं काम द्यायला हवं, असं ते सगळ्यांदेखत म्हणाले. महांतप्पानं त्याच संध्याकाळी ट्रकवाल्यांना आपण आता उपलब्ध नसल्याचं कळवलं. पुढं सरकारी हुकूम आला. जिल्ह्यातल्याच वाशी गावच्या गुरांच्या दवाखान्याची भिंत त्याला मिळाली.

गावची निवडणूक त्या वर्षी बिनविरोध झाली. आण्णासाहेब सरपंच, बलभीम उपसरपंच. मतपेटी गावात आलीच नाही.