साळूचे काटे आणि सात जंगलांचा करार

मुलांनो, नीट मांडी घालून बसा आणि मध्ये प्रश्न विचारू नका. एका जंगलात सगळ्या रोगांवर मिळून एकच औषध होतं. काढा.

कुणाचं डोकं दुखलं, काढा. कुणाची शेपटी दगडाखाली सापडली, काढा. कुणाला सासू टाकून बोलली, तरी काढाच. भिकोबा नावाचे अस्वलवैद्य तो उकळायचे आणि प्रत्येकाला करवंटी भरून द्यायचे. हत्तीला एक करवंटी आणि उंदरालाही एक करवंटी. हत्तीचा काढा जिभेवरच संपायचा. उंदीर मात्र करवंटीत पडायचा, दोन गटांगळ्या खाऊन बाहेर आला की जीव वाचला याच आनंदात त्याला बरं वाटायचं.

हसू नका. तुमच्याकडेही फार वेगळं चालत नाही.

या जंगलात साळू नावाचं एक साळिंदर राहायचं. साळूला खोकला होता. उबळ आली की तिचं अंग ताठ व्हायचं, श्वास कोंडायचा आणि पाठीवरचे दोन-चार काटे गळून पडायचे. शेजारच्या बिळातली घोरपडमावशी त्यामुळे झाडू हाताशी ठेवूनच बसायची.

"आज किती गं?" मावशी विचारायची.

"सहाच."

"म्हणजे उतार आहे."

पण उतार नव्हता. दोन पावसाळ्यांपूर्वी साळूची आई अशाच एका उबळीत गेली होती. श्वास आत गेला तो बाहेर आलाच नाही. प्रत्येक उबळीला साळूला वाटायचं, आपली हीच शेवटची. ती फार घाबरलेली होती, पण चारचौघांत दाखवत नसे.

साळूच्या दोन गोष्टींचं जंगलात नाव होतं. एक तिचे काटे. एकदा बिबट्यानं तिच्यावर झडप घातली, तेव्हा तिनं आईनं शिकवलेलं तेवढंच केलं. पाठ वळवली, अंग फुलवलं आणि काटे खुळखुळवले. बिबट्या पुढचे दोन महिने नाकात काटा घेऊन हिंडत होता आणि कुणी विचारलं तर ही नवी फॅशन आहे म्हणून सांगत होता.

दुसरी गोष्ट तिचं आगतस्वागत. त्या जंगलाची रीतच होती, पाहुण्याला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही. माकडं पेरू द्यायची, खारी शेंगा द्यायच्या. साळूकडे देण्यासारखं काय असणार? ती आपला एक छानसा काटा उपसून द्यायची. हरिणी तो कानामागे खोवून मिरवायच्या.

तर एक दिवस भिकोबांच्या हातून चूक झाली. काढा उकळत असताना वरच्या पोळ्यातला मध त्यात गळला. नेमकी तीच करवंटी साळूच्या वाट्याला आली. साळू ती प्यायली आणि दिवसभर एकदाही खोकली नाही.

भिकोबांनी तिला समोर बसवलं, तिचा घसा पाहिला आणि बराच वेळ डोकं खाजवलं.

"तुझा घसा इतरांसारखा नाही पोरी," ते म्हणाले. "तुझ्या आईचाही नव्हता. मला तेव्हा कळलं नाही. तुला वेगळं औषध लागणार. उद्या मध थोडा वाढवून बघू."

चाळीस वर्षांत वैद्यबुवा पहिल्यांदाच असं काही बोलले होते. साळू तिथेच बसून रडली.

पण दुसऱ्या दिवशी सिंहमहाराज परदेश दौऱ्यावरून परत आले.

महाराज सात जंगलांच्या परिषदेला गेले होते. तिथे ते सात दिवस सात प्रकारचं जेवण जेवले आणि शेवटच्या दिवशी त्यांनी एका करारावर पंजा उमटवला. सातही जंगलांनी मिळून संशोधन करायचं आणि प्रत्येक प्राण्याला त्याच्या त्याच्या शरीराला मानवेल असं औषध द्यायचं, असा तो करार होता. योजनेचं नाव 'ज्याचं त्याला'.

वडाखाली सभा भरली. महाराज म्हणाले, "एका करवंटीचा जमाना आजपासून संपला! हत्तीला हत्तीचं औषध आणि मुंगीला मुंगीचं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिला मान साळूला मिळणार, असंही महाराजांनी जाहीर केलं. इतका अवघड खोकला सातही जंगलांत दुसरा नव्हता. साळूला इतकं भरून आलं, की टाळ्या वाजवताना तिचे सात काटे सांडले.

भिकोबा उठून उभे राहिले. "महाराज, मी कालच हिला..."

"काय केलंत तुम्ही काल?" कोल्ह्यानं विचारलं. कोल्ह्याला योजनेचा समन्वयक नेमलं होतं. जो सगळ्यांच्या बैठकांना असतो आणि कामाच्या वेळी कुणालाच सापडत नाही, त्याला समन्वयक म्हणतात.

"काढ्यात मध घातला. हिला उतार पडला."

"किती प्राण्यांना दिलात?"

"हिला एकटीला."

"एकटीला?" कोल्हा पोट धरधरून हसला. "अहो वैद्यबुवा, एका प्राण्याला काय मानवतं ते ठरवायला निदान दहा हजार प्राणी लागतात!"

भिकोबा खाली बसले. शिवाय नियमच निघाला, की संशोधन चालू असेपर्यंत साळूनं दुसरं कुठलंही औषध घ्यायचं नाही. मधसुद्धा नाही. निकाल बिघडतो.

आता इतकं मोठं काम नीतीला धरून व्हायला हवं. म्हणून एक नीतिसमिती नेमली गेली. तिचा अध्यक्ष बिबट्या. साळिंदरांचा प्रत्यक्ष अनुभव असलेलं दुसरं कुणी जंगलात नव्हतं.

बिबट्या संमतिपत्र घेऊन साळूच्या दारात आला. सागाची एकोणपन्नास पानं, दोन्ही बाजूंनी बारीक अक्षरांत भरलेली.

"यात काय लिहिलंय हो?" साळूनं विचारलं.

"तुमचं भलं," बिबट्या म्हणाला. "वाचता का सगळं?"

तेवढ्यात साळूला उबळ आली. ती ओसरल्यावर तिनं मुकाट्यानं पंजा उमटवला. बिबट्या मात्र लगेच उठला नाही. तो तिच्या पाठीकडे पाहत राहिला.

"एकंदर किती आहेत हो?"

"कधी मोजले नाहीत."

"मोजायला हवेत," तो नाकावरून पंजा फिरवत म्हणाला. "शास्त्राचं काम आहे."

मग परदेशी पाहुणे आले. सगळ्यात आधी पेंग्विनसाहेब. ते कोट घालूनच जन्मलेले असल्यामुळे त्यांना शास्त्रज्ञ म्हणायला कुणाची हरकत नव्हती. त्यांच्या मागून कांगारूबाई. गोळा केलेले नमुने त्या पोटाच्या पिशवीत ठेवायच्या.

"आम्हाला फक्त एक काटा हवा," पेंग्विनसाहेब घाम पुसत म्हणाले.

साळूनं एक काटा दिला. पाहुणे जायला निघाले आणि साळूच्या मनात आलं, हा झाला कामाचा काटा. पाहुणे म्हणून यांना काय दिलं? लांबून आलेली माणसासारखी माणसं, रिकाम्या हातानं कशी पाठवायची? तिनं आणखी दोन काटे उपसले आणि एकेकाच्या हातात ठेवले. कांगारूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. इथले रोगी फार सहकार्य करतात, असं त्यांनी घरी गेल्यावर सगळ्यांना सांगितलं.

मग काय, रीघ लागली. सातही जंगलांचं एकमेकांशी सहकार्य होतं, पण एकाचा एकावर विश्वास नव्हता. त्यामुळे प्रत्येकाला आपला वेगळा काटा हवा होता. तो मिळाला की निघताना पाहुणचाराचा दुसरा. पहिला काटा हरवला म्हणून तिसरा घ्यायला पुन्हा येणं, आणि आलेच आहेत तर चौथा.

"साळू, पाठीमागून तू घुशीसारखी दिसायला लागलीस," घोरपडमावशी एक दिवस स्पष्टच म्हणाली. "नाही म्हणायला शीक की जरा!"

"मावशी, घरी आलेल्याला नाही कसं म्हणायचं? आणि हे सगळं माझ्यासाठीच चाललंय ना?"

"अगं, पण तुझे काटे..."

"काटे परत येतात, मावशी."

"येतात. पण पाहुणे त्यांच्या आधी येतात."

खोकला मात्र कुठेच गेला नव्हता. एका दुपारी साळूचा श्वास असा कोंडला, की तिचे डोळे पांढरे झाले. घोरपडमावशीनं आरडाओरडा केला. भिकोबा मधाची करवंटी घेऊन धावत आले. कोल्हा वाटेत आडवा झाला.

"वैद्यबुवा, दोन वर्षांचं संशोधन मातीत घालणार का?"

"पोर जाईल रे!"

"मग तशी नोंद होईल. नोंद तरी खरी व्हायला नको का?"

भिकोबांनी त्याला ढकलून दिलं आणि करवंटी साळूच्या तोंडाला लावली. कसाबसा श्वास घेत असलेल्या साळूनं ती स्वतःच बाजूला सारली.

"राहू द्या, बुवा," ती म्हणाली. "आता थोडंच राहिलंय. माझं औषध होतंय तयार."

मुलांनो, भिकोबा त्या दिवशी ती मधाची करवंटी घेऊन घरी गेले आणि त्यांनी जेवण केलं नाही. अस्वलानं मध समोर असताना उपाशी राहणं म्हणजे काय, ते तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल.

अखेर औषध तयार झालं. वडाखाली मांडव घातला. मधोमध एक मोठी काचेची बरणी ठेवली होती आणि तिच्यात साळूचे सगळे काटे ओळीनं उभे केले होते. त्यांना वारा घालायला दोन मोर नेमले होते.

पेंग्विनसाहेब भाषणाला उभे राहिले. "मित्रहो, हे औषध आम्ही या काट्यांना लावून पाहिलं. सांगायला आनंद वाटतो, की गेल्या तीन महिन्यांत यातला एकही काटा खोकलेला नाही!"

सिंहमहाराजांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनाच उभं राहावं लागलं.

औषध घ्यायला साळूचं नाव पुकारलं. ती हळूहळू चालत पुढे आली. तिच्या पाठीवर आता एकही काटा नव्हता. शेवटचा तिनं सकाळीच कांगारूबाईंना दिला होता, त्या पुन्हा कधी यायच्या म्हणून.

पेंग्विनसाहेबांनी नोंद काढली. तिला समोरून पाहिलं. मग मागे जाऊन मागून पाहिलं.

"प्राणी कोणता?"

"साळिंदर."

"नोंदीत लिहिलंय, साळिंदर म्हणजे पाठीवर काटे असलेला प्राणी. तुमचे काटे कुठे आहेत?"

"ते काय, त्या बरणीत."

"ते साळिंदराचे आहेत."

"अहो, पण ते साळिंदर मीच!"

"पुरावा?"

"मी ओळखतो हिला!" भिकोबा मागून ओरडले. "हिच्या आईलाही ओळखत होतो!"

"ओळख म्हणजे पुरावा नव्हे," कोल्हा म्हणाला. "उद्या कुणीही घूस येऊन खोकेल."

साळूचा आवाज रडवेला झाला. "मला एक घोट तरी द्या हो."

आता आली का पंचाईत! औषध तर 'ज्याचं त्याला' द्यायचं. भलत्यालाच दिलं तर नीतीचा प्रश्न. सगळ्यांनी नीतिसमितीच्या अध्यक्षाकडे पाहिलं. बिबट्या सावकाश उठला.

"नियम तो नियम," तो म्हणाला. "हा बिनकाट्यांचा प्राणी कोण, याची समिती स्वतः चौकशी करील. चला साळूताई, जरा बाजूला बोलू."

साळू त्याच्यामागून करवंदीच्या जाळीपलीकडे गेली. औषधाच्या आशेनं ती कुठेही गेली असती. जाळीपलीकडे बिबट्या वळला आणि मग तिला सगळं कळलं. तिनं आईनं शिकवलेलं तेवढंच केलं. पाठ वळवली. अंग फुलवलं.

खुळखुळ झाली नाही.

मांडवात तेव्हा आभारप्रदर्शन चाललं होतं. सातही जंगलांचे आभार मानायचे म्हणजे वेळ लागतो. घोरपडमावशी झाडू टाकून धावत जाळीपलीकडे पोचली, तेव्हा तिथे झाडायला एक काटासुद्धा नव्हता. मावशी मातीत बसून मोठ्यानं रडली. मलाही हे सांगताना बरं वाटत नाही, पण अर्धवट गोष्ट सांगणं बरं नव्हे.

समितीचा अहवाल त्याच संध्याकाळी आला. बिबट्यानं तो ढेकर देत वाचला. 'रोगी क्रमांक एक. खोकला पूर्णपणे थांबला. पुन्हा उद्भवण्याची शक्यता नाही.'

इतकं यश पाहून सात जंगलांनी दुसरा टप्पा लगेच मंजूर केला. त्यासाठी कासवाची निवड झाली आहे. त्याच्या पाठीचा फक्त एक लहानसा तुकडा हवा आहे, आणि कासव सध्या फार खुशीत आहे.

भिकोबा पुन्हा काढा उकळतात. उंदराला अर्धी करवंटी देतात आणि हत्तीला चार, पण कोल्हा बघत नसेल तेव्हाच. बरणी अजून वडाखाली आहे. काट्यांना रोज सकाळी औषध मिळतं.

तात्पर्य : मुलांनो, रोगी होऊ नका, नमुना व्हा. रोग्याला ओळखणारा फार तर एखादा म्हातारा वैद्य असतो. नमुन्याला सात जंगलं मिळून जपतात.