आप्पा चार्ज सोडत नाहीत

आमच्या गल्लीत कुणी तोंड पाडून एकटं बसलेलं दिसलं, की आप्पा स्वतःची घडीची खुर्ची घेऊन त्याच्या दारात हजर. बोलावणं लागत नाही, हाकललं तरी जात नाहीत.

आप्पांनी मच्छे गावातल्या एका कारखान्यात उभा जन्म काढला. तिथला नियम एकच: पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन चार्ज घेतल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. आप्पा रिटायर झाले, नियम झाला नाही. परीक्षेत आपटलेला पोरगा असो, बाळंतपणानंतर उगाचच रडणारी सूनबाई असो, की पन्नाशीत फारकत घेतलेले वकीलसाहेब, आप्पा म्हणणार, "तुमचा रिलीव्हर येऊ दे, मग जातो." वकीलसाहेबांनी चिडून कायदा सांगितला. आप्पा म्हणाले, "सांगा की. तेवढंच बोलनं हुतंय."

मग माझी पाळी आली. बंगळूरची नोकरी गेली आणि मी चाळिशीत आईकडे परत आले. आई निपाणीला मावशीकडे गेलेली. मी अंथरूण सोडेना. आंघोळ नको, जेवण नको, जगणंच नकोसं झालेलं. आणि व्हरांड्यात आप्पा, मटार सोलत! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"आप्पा, जावा बघू घरी!"

"न्हाय जात गं. तू झोप. मी काय उपदेश कराय आलोय व्हय?"

खरंच, त्यांनी एका शब्दानं शहाणपण शिकवलं नाही. दिवेलागणीला आई आली, तेव्हा उठले. "वैनी, चार्ज घ्या. दोन घास खाल्लीया, माज्यावर लई खेकसलीया. म्हंजे धुगधुगी हाय. उद्या डॉक्टरकडं न्यायचं, रिक्षा सांगून ठिवलीया."

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, हळूहळू मी माणसांत आले. एकदा संध्याकाळी आंबोळ्या घेऊन आप्पांकडे गेले. टीव्ही मोठ्यानं चाललेला, बघत कुणीच नाही. आप्पांचे डोळे लाल.

"झोपला न्हाय व्हय, आप्पा?"

"तुजी काकू गेल्यापास्नं ह्या घरात डोळ्याला डोळा लागत न्हाय बग. म्हनून लोकांच्या दारात बसतो. गल्ली म्हनत्या, आप्पा लोकांचं करतोय. कुठलं गं! माजंच करतोय." मग खाली बघत म्हणाले, "बस की घटकाभर."

टीव्ही बंद करून मी बसले. दोन आंबोळ्या खाऊन आप्पा बसल्या जागी घोरायला लागले. असे घोरले, की मला हसूही आलं आणि रडूही.

आईचा फोन आला. "जेवायला येतीस न्हवं?"

"तू जेवून घे," मी हळूच म्हणाले. "आप्पांना आत्ता कुठं झोप लागलीया."