रूडोमावशींचं झेपफुंदे

१८ मे, रविवार. काम: बादलीभर फिजोआ, म्हणजे पेरूसारखी हिरवी फळं, कोरून मुरंबा करणे. फळं शेजारच्या रूडोमावशींच्या झाडाची. आमच्या गावात, पापाकुरात, या दिवसांत फिजोआ मागावे लागत नाहीत, ते कुंपणावरून येतातच.

रूडोमावशी मूळच्या झिम्बाब्वेच्या, निवृत्त नर्स. रक्त, साप, वॉर्डातले दारुडे, कशालाही न घाबरलेली ही बाई घाबरते फक्त दिवसाउजेडी गोष्ट सांगायला. सूर्य असताना गोष्ट सांगणाऱ्याला शिंगं फुटतात, हे त्यांच्या गावात पक्कं ठाऊक आहे.

"अहो, तुम्ही नर्स ना?" मी एकदा म्हटलं.

"म्हणूनच सांगते. शिंगांवर औषध नाही."

त्यांची नात तारी टौरंगाला असते. तिला मावशींची शोना भाषा कळते, पण उत्तर इंग्रजीत; माझ्या मुलाच्या मराठीसारखंच. जुलैत तिला बाळ होणार आहे. त्याआधी मावशींना आपल्या आजीच्या गोष्टी पुस्तकात उतरवायच्या होत्या. बबूनला फसवणारा ससा, माणसाला डोहात ओढून वैद्य करून परत पाठवणारे जलदेव. घरचे रडले तर मात्र तो परत येत नाही. हे सगळं कुणी लिहिलेलं नाही. "मी गेले की ससाही गेला," म्हणायच्या. मला टायपिंग येतं, म्हणून मी सापडले.

जानेवारीत इथे उन्हाळा, रात्री नऊ वाजेपर्यंत उजेड. मावशी जँडल्स, म्हणजे रबरी सपाता, फटफटवत आठलाच हजर, खिडकीतून आकाशाकडे बघून म्हणायच्या, "अजून नाही. चहा कर." आता सूर्य लवकर मावळतो, म्हणजे इथल्या बोलीत स्वीट ॲज, एकदम झकास.

तारीनं आधी त्यांना फोनवर रेकॉर्डिंग शिकवलं होतं. मावशींनी पहिलं वाक्य सांगितलं आणि थांबल्या. थांबूनच राहिल्या. कारण त्यांच्याकडे प्रत्येक वाक्यानंतर ऐकणाऱ्यानं 'झेपफुंदे' म्हणायचं असतं, आपण हुंकार देतो तसं.

"फोन काही म्हणत नाही. मग ससा पुढे जाणार कसा?"

तेव्हा ते मी म्हणायचे. जांभईत राहून गेलं, की ससा एक पाय उचलून तिथेच उभा. मग स्वयंपाकघरातून आमचे हे ओरडायचे, "अगं, म्हण ना झेपफुंदे! त्या सशाला घरी जाऊ दे!"

काल शेवटची गोष्ट झाली. आज सकाळी मी मजकूर स्वच्छ करायला घेतला. ओळीओळीला तोच शब्द! मला पसारा खपत नाही. एका फटक्यात सगळे काढले, प्रिंट घेतली आणि बादली घेऊन आलेल्या मावशींच्या हातात दिली.

त्या चष्मा लावून टेबलाशी बसल्या. मी फिजोआ कोरत राहिले. त्यांनी शेवटचं पान उलटल्यावर मी विचारलं,

"चुका आहेत का?"

"एकही नाही. फक्त यात मी एकटीच बोलतेय."

"मावशी, तोच तोच शब्द. वाचणाऱ्याला कंटाळा येईल."

"येऊ दे. पण तारीच्या बाळानं काय म्हणायचं? त्याची जागाच पुसलीस तू." मग चष्मा पुसत म्हणाल्या, "नवरा गेल्यापासून माझ्यासमोर कुणी झेपफुंदे म्हटलं नव्हतं. मग तू म्हणालीस. उच्चार भयंकर होता."

रिकामी बादली उचलून त्या घरी गेल्या. मुरंबा जरा खाली लागला.

१९ मे, सोमवार. सकाळी कामावर जायच्या आधी मी ते सगळे शब्द परत घातले, प्रत्येक आपापल्या स्वतंत्र ओळीवर, ठळक अक्षरात. नवी प्रिंट आणि मुरंब्याची बरणी कुंपणावर ठेवली. मावशी पलीकडे झाडाखालची पानं झाडत होत्या. मी मोठ्यानं हाक दिली, "झेपफुंदे!"

त्यांनी दचकून आधी आकाशाकडे पाहिलं, मग डोकं चाचपलं.

"गप गं! ऊन आहे!" म्हणाल्या. "संध्याकाळी ये. अजून एक आठवलीय."